जसिंता, त्या उताराला तुझं नाव राहिलं नाही

जसिंता, तुझ्या फ्युनरलला ब्रेट बोलला. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी माझ्याशिवाय दुसरी कोण आहे?

चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती आणि तेवढीही आम्ही नव्हतो. फादर, तुझ्या कॉयरमधले दोघं, टेस्टिंग क्लिनिकमधली तुझी सुपरवायझर आणि मी. गायला बंदी होती, म्हणून कॉयरवाले हात बांधून नुसते उभे होते. बाकीचे सगळे लॅपटॉपच्या पडद्यावर. वसईहून तुझी आई, तिच्यामागे दाटीवाटीनं उभं सगळं घर, आणि एका चौकोनात होबार्टहून ब्रेट. जहाज कंपनीचं निळं जॅकेट घालून बसला होता. तुझा एक्स्पिडिशन लीडर. सहा उन्हाळे ज्याच्या हाताखाली तू त्या बेटावर गेलीस, तो.

"जसिंता आमच्या घरचीच होती," तो म्हणाला. आवाज भरून आला होता. "पाहुण्यांना बेटाचा कोपरा न् कोपरा दाखवणं, यातच तिचा सगळा आनंद होता."

कोपरा न् कोपरा! जी बाई दोऱ्या बांधून लोकांना अडवायची, तिच्याबद्दल हे. मी मास्कच्या आत दात आवळून उभी राहिले. लॅपटॉप फाडकन मिटावासा वाटला. पण पडद्यावर तुझी आई हात जोडून त्याचं ऐकत होती, इंग्लिश फारसं न कळताही रडत होती. नंतर फोनवर मला विचारते, "तो गोरा साहेब कोण गं? किती मनापासून बोलला."

मी म्हटलं, "जहाजावरचा होता, आई." तिला एवढंच सांगितलं. स्वतःशी मात्र ठरवलं, की याला सोडायचं नाही. कसं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. मला जमेल तेवढं बोलते. बाकीचं कडू आहे, ते तसंच ऐक.

नऊ वर्षं आपण वेस्टमीडच्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहिलो. मी पुण्याची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुने तपासणारी. तू वसईची, वनस्पतिशास्त्रात पीएचडी करून युनिव्हर्सिटीत कायमची नोकरी न मिळालेली. पहिल्याच आठवड्यात मी कामावरून आले तर तू सोफ्यावर माझे मोजे मांडीवर घेऊन बसली होतीस. चिमट्यानं त्यात अडकलेली गवताची कुसळं काढत होतीस. मला वाटलं, ही वेडीच दिसतेय.

"शुभे, एक कुसळ पुरतं," तू म्हणालीस. "बेटावर बाहेरचं एक बी रुजलं ना, की नातवंडांच्या काळात तिथं दुसरंच बेट असतं."

जहाजावर तुझं कामच ते. किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येक पाहुण्याचे बूट घासायचे, जॅकेटच्या वेल्क्रोमधून बिया उपसायच्या, खिसे व्हॅक्यूमनं साफ करायचे. मग लाकडी वाटेवरून त्यांना न्यायचं, पेंग्विनांपासून लांब उभं करायचं, वरचा चढ दोरी लावून बंद ठेवायचा. लोक वैतागायचे. तू त्यांच्याच खिशातली बी त्यांच्या तळहातावर ठेवून तिचं नाव सांगायचीस, आणि म्हणे माणसं विरघळायची. मी विरघळले होतेच की.

मी ते बेट कधी पाहिलं नाही. टास्मानियाच्या खाली तीन दिवस जहाजानं गेलं की धुक्यातून एकदम वर येणारा हिरवा डोंगर, त्यावर एकही झाड नाही, कायमचा वारा, किनाऱ्यावर लोळणारे हत्तीसील. हे सगळं तुझ्या तोंडून. तो बंद ठेवलेला उतारही. तिथं उशांसारख्या गोल, घट्ट वनस्पती वाढतात, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. गुडघाभर उशी म्हणजे आपल्या खापरपणजीपेक्षा म्हातारी. त्यात एकदा बूट रुतला की तो खड्डा आपल्या जन्मात भरत नाही. "उशीवर कुणी बूट ठेवतं का गं?" असं तू विचारायचीस, खरोखरच न कळल्यासारखं.

आणि तरी दर उन्हाळ्यात जहाजभर माणसं तिथं न्यायचीसच. यावरून किती भांडलो आपण! मी म्हणायचे, एवढं जपायचंय तर नेता कशाला? तू म्हणायचीस, "पाहिल्याशिवाय कोण जपेल?" मी म्हणायचे, मी कुठं पाहिलंय, तरी जपतेय ना, माझे मोजे बघ. भांडण तिथं हसण्यात बुडायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वर यायचं. ते मिटलंच नाही. आजही मला माझंच बरोबर वाटतं. ऐकतेयस?

शेवटची फेरी साथ जगभर पसरायच्या अगदी तोंडावरची. होबार्टला जहाज लागलं आणि तू बंदरावरूनच मला फोन केलास. मी लॅबमधून बाहेर कार पार्कमध्ये आले. तुझा आवाज इतका सपाट कधी ऐकला नव्हता.

दोन दिवस हवा वाईट, नेहमीच्या किनाऱ्यावर उतरता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ब्रेटनं दुसऱ्या बाजूनं होड्या लावल्या आणि चाळीस माणसं घेऊन त्या उतारावर चढायला लागला. वर अल्बट्रॉसचं घरटं होतं. तू दोरी धरून वाटेत उभी राहिलीस.

"मेट, हे लोक पक्षी बघायला आलेत," तो तुला म्हणाला, "तुझी दोरी बघायला नाही." आणि दोरी उचलून पाहुण्यांना खालून जाऊ दिलं. हसत हसत. एकेकाला हात देत.

चाळीस माणसांचे बूट उशांवरून गेले. घरट्यावरचा पक्षी बराच वेळ बसून राहिला, मग उठला. तेवढ्यात तपकिरी स्कुआ या शिकारी पक्ष्यानं झडप घालून अंडं नेलं. अल्बट्रॉस दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतो, हे तू मला तेव्हा सांगितलंस. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले. एक बाई रडली, तिला ब्रेट म्हणाला, हाच निसर्ग.

परतीच्या वाटेवर त्यानं रिपोर्ट लिहिला. 'खराब हवेमुळे पर्यायी किनारा, बंद भागात कुणीही गेलं नाही.' खाली जहाजावरच्या निसर्गतज्ज्ञाची, म्हणजे तुझी सही लागत होती. बंदर सोडायच्या आत.

"मी नाही करणार सही," तू म्हणालीस.

तेव्हा मी काय बोलले ते पुढं मी फक्त तुझ्या आईला आणि परवानगी देणाऱ्या समितीला सांगितलं. आता इथं लिहिते. मी म्हटलं, "जसू, तुझा व्हिसा त्यांच्या नावावर आहे. इथं कायम राहायची, पीआरची फाइल आत आहे. आत्ता सही कर, पीआर येऊ दे, मग काय भांडायचं ते भांड. अंडं तर गेलंच ना?"

मागे बंदरावर क्रेनचा आवाज येत होता. मग तू म्हणालीस, "बरं."

त्या 'बरं'वर मी त्या दिवशी खूश झाले होते. वाटलं, चला, आपली पोरगी शहाणी झाली.

पुढं काय झालं ते दोघींनी मिळूनच पाहिलं. महिन्याभरात सीमा बंद, जहाजं बंद. ब्रेटचा चार ओळींचा ईमेल, की परिस्थिती कठीण आहे, सगळ्यांनाच कमी करतोय, काळजी घे. नोकरी गेली, त्याबरोबर पीआरची फाइलही. जिच्यासाठी तू सही केलीस ती गोष्टच उरली नाही. तू मला एकदाही बोल लावला नाहीस. लावायला हवा होतास.

कोविडच्या काळात व्हिसावाल्यांना जरा सूट मिळाली, आणि तू टेस्टिंग क्लिनिकमध्ये नाव नोंदवायच्या टेबलावर बसायला लागलीस. गाड्यांची रांग, खिडकी खाली, नाव, जन्मतारीख, पुढे जा. पीएचडी झालेली बाई. त्यातही तू रमलीस. तिथले नमुने आमच्या लॅबमध्ये यायचे, आणि तू घरी येऊन म्हणायचीस, "आज तुला बाराशे पाठवलेत हं, नीट बघ."

बेटावर दोन उन्हाळे जहाज लागलं नाही. तळावर राहणारी रेंजर मेग तुला ईमेल करायची, तू ते मला भाकरी भाजताना वाचून दाखवायचीस. "बेटाला सुट्टी लागलीय गं," म्हणायचीस. जगभर माणसं मरत होती आणि त्या बेटामुळे तू अधूनमधून सुखानं हसायचीस. मला त्याचा रागही यायचा. आता त्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते देईन.

एकदाच तू विषय काढलास. शिफ्ट संपवून आपण दोघी कार पार्कमधून चाललो होतो. "शुभे, मी परवानगी देणाऱ्या समितीला पत्र लिहिणार आहे. खोट्या रिपोर्टवर सही केली म्हणून." मी म्हटलं, "आता कशाला? ती कंपनीच बुडायला आलीय." तू मान हलवलीस. होकाराची की नकाराची, ते मी पाहिलं नाही. मी किल्ल्या शोधत होते.

मग ती दुसरी लाट आली, आपल्याच भागात, आणि तुझ्या लसीच्या दुसऱ्या डोसची तारीख यायच्या आधी तू आमच्याच हॉस्पिटलमध्ये आत होतीस. मी कार पार्कच्या पलीकडच्या इमारतीत. चालत चार मिनिटं, आणि मला आत यायला परवानगी नाही. नर्सनं आयपॅड धरला होता. तुझ्या तोंडावर मास्क, तरी तुझं सुरूच, "माझा नमुना आला तर जपून. वसईचं रक्त आहे, मशीन बिघडेल." आला तुझा नमुना, जसिंता. लेबलवर तुझं नाव वाचून मी तो दुसऱ्या कुणाला दिला नाही. आकडे बघितले तेव्हाच मला कळलं होतं. तुला मात्र म्हटलं, "ठीक आहेत."

ब्रेटनं तुला मारलं नाही, हे मला कळतं. लॅबमध्ये काम करते मी. पण त्यानं काढलं नसतं तर तू त्या टेबलावर बसली नसतीस, असं माझं मन म्हणतं. तर्क लंगडा आहे. मी त्याला काठी देऊन चालवते.

आणि मग ते माहितीपत्रक आलं.

सीमा उघडणार म्हणून कंपन्या पुढच्या हंगामाच्या तयारीला लागल्या होत्या. तुझ्या ईमेलवर, जो मी बंद करू शकले नव्हते, कंपनीचं पत्रक आलं. पहिल्या पानावर तुझा फोटो. हातात दोरी, केस वाऱ्यावर. खाली लिहिलेलं, 'आमच्या लाडक्या जसिंताच्या स्मरणार्थ: जसिंता वॉक. आजवर कुणी न चाललेल्या उतारावरून अल्बट्रॉसच्या घरट्यांपर्यंत.'

तोच उतार. तुझं नाव लावून तोच उतार ते उघडत होते.

मी ते तीनदा वाचलं. मग कपाटातून तुझी फील्डची वही काढली. पाण्यानं न भिजणारा कागद, पेन्सिलीचं अक्षर. शेवटच्या फेरीचं पान सापडलं. वेळ, वारा, उताराचा नकाशा, कोण कुठून चढलं, चाळीस माणसं, अंडं गेल्याचं मिनिट. आणि खाली दोनदा अधोरेखित, 'मी थांबवू शकले नाही.' हे पान मी आधी का नाही पाहिलं? तुझ्या अक्षराची भीती वाटत होती म्हणून.

मेगला लिहिलं. तिनं उलट टपाली सांगितलं, की ते जहाज येण्याच्या आठवडाभर आधी ती स्वतः त्या उतारावर फिरली होती, तेव्हा उशांवर एकही ठसा नव्हता. नंतर गेली तेव्हा ठसेच ठसे. तेव्हापासून ती दर महिन्याला ते मोजत होती, पण कुणाचे म्हणून सिद्ध करणार? आता तुझं पान होतं. आणि साथीमुळे त्यानंतर बेटावर दुसरं एकही जहाज लागलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणावर ढकलायला कुणी नव्हतंच. साथीनं माझ्यावर केलेला हा एकच उपकार.

पण तुझी आई. कंपनीनं तेच पत्रक तिलाही पाठवलं होतं, छानशा पत्रासकट. फोन केला तर तिला आनंद आवरत नव्हता. "शुभदा, बाय, डोंगराला माझ्या पोरीचं नाव दिलंय! फादरनी मिस्साला वाचून दाखवलं सगळ्यांना."

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. दोरी, अंडं, रिपोर्ट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझी पोर खोटं लिहिणारी नव्हती. तिनं सही का केली?"

"मी सांगितलं म्हणून, आई."

मला वाटलं फोन ठेवेल. मग ती इतक्या थंड आवाजात बोलली, की मला तुझा तो बंदरावरचा आवाज आठवला. "मग आता तूच जा, आणि हेही सांग."

मेगनं आणि मी नव्या वाटेला हरकत घेतली. सुनावणी ऑनलाइन होती. परवानगी देणाऱ्या समितीची तीन माणसं, कंपनीची वकील, ब्रेट. तेच निळं जॅकेट. कंपनीचं म्हणणं साधं होतं. आमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, बंद भागात आम्ही कधी गेलो नाही, आमच्या दिवंगत निसर्गतज्ज्ञाचीच सही आहे बघा. तुझी सही, जसिंता. तुझा फोटो पुढं आणि तुझी सही ढालीसारखी धरून ते आत शिरत होते.

मेगनं ठशांची मापं दाखवली. मग मी तुझं पान वाचलं, मिनिटागणिक. वाचताना मी ब्रेटकडे बघत होते. अंड्यापर्यंत आले तेव्हा त्यानं पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तो न पिताच खाली ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

वकील बाईनं शांतपणे विचारलं, "मग रिपोर्टवरची ही सही कुणाची?"

"जसिंताची."

"म्हणजे त्यांनी जाणूनबुजून खोट्या रिपोर्टवर सही केली?"

इथंच माझा पाय अडला. 'हो' म्हटलं की ते कायमचं कागदावर जाणार. 'दबावाखाली' म्हणून पळवाट काढता आली असती. पण पळवाट दिली की त्यांनाही मिळाली असती.

"हो," मी म्हटलं. "जाणूनबुजून केली. मी फोनवरून करायला लावली. माझंही नाव लिहा."

नवी वाट नामंजूर झाली. कंपनीची पूर्ण हंगामाची उतरण्याची परवानगी थांबवली. पत्रकातून तुझं नाव काढायला लावलं. आठवड्याभरात कंपनीनं ब्रेटला काढलं, त्यानं तुला धाडला होता तसल्याच चार ओळींच्या ईमेलनं. चारच असतील, मला माहितेय.

जसू, मला आनंद झाला. मी किचनमध्ये एकटी उभी राहून मोठ्यानं हसले. बोंबील तळले, तू शिकवलेस तसे, आणि पोट फुटेस्तोवर खाल्ले. पश्चात्ताप यायची मी वाट बघितली. आला नाही. समितीच्या निर्णयाच्या तिसऱ्या पानावर मात्र तुझं नाव आहे, 'चुकीच्या रिपोर्टवर सही करणारी' म्हणून. ते पान मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरं आहे ना? मग राहू दे."

काल ब्रेटचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. दारू प्यायलेला नव्हता, ओरडलाही नाही. थकलेला होता. म्हणाला, कुणी तिला कामावर घेत नव्हतं तेव्हा मी घेतलं. ते खरं आहे. म्हणाला, त्या दिवशी माझी चूक झाली, रोज आठवते. कदाचित तेही खरं असेल. मग म्हणाला, "शुभा, तिला हे आवडलं असतं का? तिनं मला माफ केलं असतं."

"हो," मी म्हटलं. "तिनं केलं असतं."

पलीकडून सुटकेचा श्वास आला. तो मी पुरा होऊ दिला.

"या जगात तुला माफ करील असं एकच माणूस होतं, ब्रेट. ते गेलं. आता मी आहे."

आणि फोन ठेवला.

राहता राहिली तुझ्या सहीची गोष्ट. त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही, जसिंता. मागितली तर तू लगेच देशील, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको आहे.